ठासणीचा गज

दसऱ्याची पूजा आटोपली होती. परदेशातल्या, यिशुन उपनगरातल्या फ्लॅटमध्ये पाटावर पणजोबांची, परवान्यासह आणलेली ठासणीची बंदूक होती, शेजारी निरांजन तेवत होतं. "दारू अशी ठासायचे," म्हणत आजोबांनी नळीत गज सारला. तो तळाच्या वीतभर आधीच अडला. "स्टक लाह, आजोबा!" समोर बसलेल्या नातवंडांतली क्षिप्रा तिथल्या इंग्रजी ढंगात म्हणून हसली. आजोबांनी गज बाहेरून नळीला लावून मापला, तसं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आत दारूचा जुना बार भरलेला होता. नळी नातवंडांवर रोखलेली, बार पेटवायच्या बत्तीच्या भोकापासून निरांजनाची ज्योत बोटभर लांब. ओरडलं तर मुलं दचकून पाटाला धडकतील. "लिफ्टपर्यंत चवड्यांवर कोण जातं, बघू," ते हळूच म्हणाले. मुलं गेली. त्यांनी ज्योत चिमटीत विझवली, पोलिसांना फोन केला आणि बाहेर आले. "कोण जिंकलं, आजोबा?" "तुम्ही. आजोबा नापास. बंदूक रिकामी आहे, हे मी दरवर्षी न बघताच सांगत आलो."