गड्याचा रुसवा

"तुमचा विश्वास बसायचा नाही, म्हणून आजवर बोललो नव्हतो," कासा नाक्यावर उभ्या जीपमध्ये लाहू म्हणाला. सकाळपासून जो तो विचारत होता, पेपरात फोटो आलेली निलम तुझ्या भावाचीच ना? हुकूम सोडणाऱ्या कॉम्प्युटरला 'मास्टर' आणि ऐकणाऱ्याला 'स्लेव्ह' म्हणायची रीत होती. आमच्या आज्याने वेठ केलीय, हा शब्द मी लिहिणार नाही, असं म्हणून पोरीने पुण्याच्या कंपनीत तो बदलायला लावला होता. लाहूचा नुसता जळफळाट चालला होता.

"अरे, तिच्या बारा वर्षं आधी मी बदललाय तो! इथल्या कॉम्प्युटर क्लासात शिपाई होतो. कॉम्प्युटरच्या एका डब्यात दोन डिस्का, एक हुकमाची, एक ऐकणारी. सरांनी एकीवर 'मालक' लिहिलं, दुसरीवर 'गडी'. एक दिवस गडी फिरेचना. वापीचा मेकॅनिक हात टेकून गेला. मी कान लावला, तर आतून आवाज आला, 'लाहूदादा, गडी म्हणतात तवर मी उठायचा नाय.' मग मी 'गडी' खोडून 'भाऊ' लिहिलं. असा भिरभिरला, की मालकाचंही काम त्यानेच उरकलं!"

जीपभर हशा उठला. मागच्या बाकावर निलमचा बाप दौलत कधी येऊन बसला, ते लाहूने पाहिलंच नव्हतं.

"खोटं," दौलत म्हणाला. "बांधावरून भांडलास त्याला पंधरा वर्षं झाली. मला एकदा भाऊ म्हणून हाक मारली नाहीस, नि डबड्याला मारलीस होय?"