धडक कुणाच्या दाराला

अपघाताच्या अहवालातला नकाशा कळेना, म्हणून हवालदारालाच विचारलं. “समोरून ट्रक आला की माणूस आपली बाजू वाचवतो, शेजारचा मरतो. तुमच्या वडिलांनी मात्र गाडी वळवून धडक स्वतःच्या दारावर घेतली. शेजारी बसलेल्या तुमच्या बहिणीला खरचटलंसुद्धा नाही. देवमाणूस आहे.” अहवाल घेऊन मी हॉस्पिटलात गेले. बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, धाकटी उशाशी बसून त्यांना सफरचंद भरवत होती. माझा जळफळाट झाला. लहानपणी मी शेजारी असताना बाबांनी अशीच गाडी ठोकली होती. धडक माझ्या दाराला बसली, माझं कोपर कायमचं वाकडं झालं. मी अहवाल त्यांच्या छातीवर टाकला. “माझ्या वेळी का नाही वळवलीत?” बाबा म्हणाले, “त्यावेळी सुचलंच नाही गं. तेव्हापासून स्टिअरिंग धरलं की गाडी कुठे वळवायची हेच घोकतो.” म्हटलं, “म्हणजे शिकलात माझ्यावर आणि कामी आलं हिच्या.”