चंद्रावरची संकष्टी

"सुलभाताई, आधी चष्मा, मग किल्ली!" गोंधळेकर मास्तर गच्चीवर ओरडले. "डोळे गेले तर लेक आल्यावर ओळखाल कशाने?"

"मास्तर, पोर सकाळपासून साबुदाण्यावर आहे हो!"

सुलभाताईंची ऋजुता चंद्रावरच्या वसाहतीत नोकरीला होती. चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाला चंद्रोदय दिसणार कुठून? म्हणून संकष्टीला तिने आईला बजावले होते, "तुला चंद्र दिसला की उजेड पाठव. त्याशिवाय मी जेवणार नाही." त्यासाठी आईने मास्तरांच्या देखरेखीखाली हातभर लांबीचा हिरवा लेसर स्वतः जोडला होता.

कॅलेंडरातली वेळ मुंबईची, आणि चिपळुणात चंद्राला आधी सह्याद्री चढावा लागतो. पाऊण तासाने तो डोंगरावर आला, तर त्याच्यासमोरून विमान निघाले.

"थांबा! वैमानिकाला आंधळा करायचाय का?"

सुलभाताईंनी लेसरची किल्ली काढून मुठीत धरली. विमान पार दिसेनासे झाल्यावरच त्यांनी चष्मा चढवला, किल्ली परत लावली, नेम धरला आणि बटण दाबले.

उजेड चंद्रावर जाऊन लेकीचे उत्तर परत यायला तेवढा वेळ लागतो, म्हणून दोघांनी मनातल्या मनात तिनापर्यंत मोजले. चंद्राच्या काळवंडलेल्या कडेवर एक तांबडा ठिपका लुकलुकला.

"बसली गं बाई जेवायला," सुलभाताई पुटपुटल्या.

तेवढ्यात शेजारी दुसरा ठिपका उमटला, मग तिसरा, आणि बघता बघता ती सगळी काळी कड काजव्यांनी भरलेल्या झाडासारखी लखलखली.

"अगंबाई," सुलभाताई म्हणाल्या, "एवढी माणसं पानं वाढून माझ्यासाठी थांबली होती?"