धनाजीशेठची पारख

विट्याच्या धनाजीचं मदुराईत सोनं गाळायचं दुकान. दुपारी सख्खा मेहुणा मोहनमाळ मोडायला घेऊन आला. धनाजीने ती तीनदा कसोटीवर घासली, वर ॲसिडचा थेंब टाकला.

"दाजी, घरच्या माळंवर बी संशय?"

"राग मानू नगंस. तपासल्याबिगर मी देवाचा मुकुट बी घेत न्हाई."

तेवढ्यात मोबाईल वाजला. 'सावधान! खांद्याला पिशवी लावून घरोघरी नावं विचारत फिरणारी ही बाई पोरं पळवते.' खाली फोटो होता. तो उघडून बघायला सवड कुणाला? धनाजीने हात पुसले आणि मेसेज गावाकडच्या चार ग्रुपवर ढकलून दिला.

तासाभरात धाकट्या बहिणीचा, क्रांतीचा फोन आला. ती विट्याच्या आसपासच्या गावांत घरोघरी सर्वेक्षण करायची.

"दादा, लोकांनी मला शाळंत कोंडलंय. पोरं पळवणारी म्हणून माझाच फोटू फिरतोय."

"आगं, मग खोटं हाय म्हणून सांग की त्यास्नी!"

"लय सांगितलं..."

क्रांती पुढे म्हणाली,

"पण लोक म्हणत्यात, धनाजीशेठनं पाठवलंय, म्हंजी पारखूनच पाठवलं असणार."