पंखा बंदच होता

नवरा गेल्यापासून शिंपीणबाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. गोळ्या झाल्या, जप झाला. शेवटी नणंद म्हणाली, "वहिनी, एकदा दर्ग्यात जाऊन या. तिथे काय, सगळ्याच देवांची माणसं येतात."

बाईंनी स्वतःच्या हातांनी चादर शिवली आणि भर दुपारी नेऊन पीराच्या मजारीवर घातली. शेजारी एक बाई मेणबत्ती लावत होती, एक म्हातारा हात जोडून काहीतरी पुटपुटत होता. थोड्या वेळाने दोघंही गेली. शिंपीणबाई भिंतीला टेकून बसल्या.

चादर मधोमध हलत होती. हलकेच वर, हलकेच खाली.

"चाचा, पंखा बंद करता का? चादर उडतेय," त्या मुजावरांना म्हणाल्या.

दारात बसून फुलं निवडणाऱ्या मुजावरांनी मान वर केली नाही. "पंखा बंदच आहे, ताई."

बाईंनी वर पाहिलं. पाती खरंच स्थिर होती. चादर मात्र हलतच होती, गाढ झोपलेल्या माणसाच्या अंगावरच्या पांघरुणासारखी. बघता बघता बाईंच्या पापण्या जड झाल्या.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंग पिसासारखं हलकं झालं होतं. किती महिन्यांनी बाई स्वतःशीच हसल्या.

"छान घोरलात," मुजावर म्हणाले. "दोघंही."

थट्टाच असणार, असं म्हणत बाईंनी मजारीकडे पाहिलं. आता चादर त्यांच्याच श्वासाबरोबर वरखाली होत होती. गंमत म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला. चादरही थांबली.

मग चादर आपणहून सावकाश खाली गेली, आणि बाईंनी सोडला नसतानाही त्यांचा श्वास तिच्यामागोमाग सुटला.