पदराआडची पुडी

मासे खात नाही असं सांगूनच आम्हाला घाटकोपरला हंसाबेनच्या वरची जागा भाड्याने मिळाली होती. सासूबाईंना मात्र माशांशिवाय घास उतरत नसे, म्हणून काटे आणि कोलंबीची सालं मी पुडीत बांधून, पदराआड लपवून लांबच्या कचराकुंडीत टाकून येत असे. शहाऐंशी साली दिराने कुवेतहून खरकटं दळणारं यंत्र आणून आमच्या सिंकखाली बसवलं.

"आता पुरावाच नाही, वहिनी!"

त्याच आठवड्यात हंसाबेन खराटा घेऊन दारात उभ्या राहिल्या. जागा गेली, असं वाटून माझी मान खाली गेली.



"पुडीच बरी होती, नलिनीबेन. जिन्यात ती दिसली की मी तोंड फिरवायचे. आता तुमची कोलंबी माझ्या मोरीतून वर येते, तोंड कुठे फिरवू?"