अम्माचा अंगठा

कागदावर अम्माचा अंगठा होता आणि शेजारी तारीख कालची होती.

चांदपाशानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अंगठा अर्धाच उमटला होता, पण मधोमध आडवी गेलेली विळ्याची खूण अगदी स्पष्ट होती. तिच्या डावीकडची तुटकी रेघही तीच. अम्माला, म्हणजे बेगमबीला, भूकंपात जाऊन एकवीस वर्षं झाली होती. लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत तो रबरी शिक्के करून द्यायचा. त्यानं स्टूल ओढलं आणि मटकन बसला.

"अस्साच अंगठा करून द्या, चाचा," काउंटरपलीकडची पोरगी घाईत होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं वैष्णवी. "शिक्का आहे माझ्याकडं, पण त्याचं रबर सुटून राहिलंय. हॉस्टेलच्या बाई म्हणाल्या, हे काय अर्धवट, नीट उमटवून आण."

"कुणाचा अंगठा हाय ह्यो?"

"आईचा," पोरीनं पापणीही न लववता सांगितलं.

कागद क्लासच्या चाचणीचा होता. फिजिक्समध्ये शंभरपैकी सतरा. केमिस्ट्रीचं त्याहून बरं नव्हतं. आणि खाली 'पालकाची सही' या चौकटीत अम्मा.

"शिक्का दाव."

पोरीनं कंपासपेटीतून शिक्का काढला. मूठ सागवानाची, त्यानं स्वतः घासून गुळगुळीत केलेली. चांदपाशानं तो अक्षरशः हिसकावून घेतला.

"कुठं घावला तुला?"

त्याचा आवाज ऐकून शेजारचा झेरॉक्सवालाही वळून बघायला लागला. पोरगी घाबरली.

"चोरी नाही केली, चाचा! जिओकॅशिंग असतं ते. भूकंपात पडलेल्या जुन्या गावात आम्ही मैत्रिणी गेलो होतो. तिथं डबे लपवलेले असतात, फोन जागा दाखवतो. डब्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, वहीत नाव लिहायचं. मी तर चांगली नवी की-चेन ठेवली."

म्हणजे नियमानं वागली होती बिचारी. फक्त खेळ वेगळा होता.

तो डबा चांदपाशानं ठेवला होता. त्याचे जुने गिऱ्हाईक, चित्रकलेचे अनंतराव मास्तर, यांना लेटरबॉक्सिंगचा नाद. त्यातही डबा लपवतात, पण आत हातानं कोरलेला शिक्का असतो. शोधत येणाऱ्यानं तो आपल्या वहीत उमटवून घ्यायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. शिक्का न्यायचा नाही. मास्तरांनी हे सांगितलं आणि चांदपाशाच्या मनानं घेतलं. अम्माचा फोटो नव्हता. कबर कुठली, तेही धड ठाऊक नव्हतं. होतं ते फक्त त्याचं चौथीचं प्रगतिपुस्तक, धंदा शिकायला लातूरला येताना ट्रंकेत आलेलं, आणि त्यावर तिचा अंगठा. डोळ्याला भिंग लावून त्यानं तीन महिने तो रबरावर कोरला आणि घराच्या ढिगाऱ्यात, चुलीची जागा होती तिथं, डब्यात ठेवला. लोकांनी यावं, अम्माला वहीत घेऊन आपापल्या गावी जावं. पुढं प्रगतिपुस्तक वाळवीनं खाल्लं, तेव्हाही तो फार हळहळला नाही. शिक्का होता ना.

"डब्यात वही व्हती. समदे शिक्केच व्हते तिच्यात. एक तरी नाव दिसलं का तुला?"

"नाही ना. म्हणून तर मी लिहिलं. म्हटलं, कुणीच कसं नाव लिहिलं नाही!" पोरगी रडवेली झाली. "आमचा डबा पलीकडच्या भिंतीत होता म्हणे. फोन दहा पावलं इकडंतिकडं दाखवतो, चाचा."

"किती कागदांवर लावला ह्यो?"

"सहा."

"आन् तुझी आई?"

"अहमदपूरला शिक्षिका आहे." ती खाली बघत म्हणाली. "हॉस्टेलच्या बाईंना मी सांगितलं, तिला लिहिता येत नाही. हे मार्क पाहिले ना, तर उद्याच्या उद्या येऊन घेऊन जाईल मला."

चांदपाशाच्या मस्तकात तिडीक गेली. हात उगारला नाही एवढंच. "ही माझी अम्मा हाय," तो म्हणाला. "मेली ती. त्याच घरात मेली, तुला डबा घावला तिथं."

पोरगी पांढरीफटक पडली. बोटांना निळी शाई लागली होती, ती तिनं घाईघाईनं ओढणीला पुसली. जाईना. पुन्हा पुसली.

"मला नको, चाचा. तुम्हीच ठेवा." "माझा कागद तेवढा द्या."

चांदपाशानं कागदावर पंजा ठेवला. मग त्यानं खणातून फेव्हिकॉल काढलं, सुटलेली कड चिकटवली, अंगठ्यानं दाबून धरली आणि स्टॅम्प पॅड उघडलं. शिक्का मात्र पॅडवर टेकवला नाही. कागद फिरवून पोरीसमोर सरकवला आणि शिक्का त्याच्या शेजारी उभा करून ठेवला.

"माझी अम्मा वाचून घेतल्याबिगर अंगठा लावत न्हवती," तो म्हणाला. "मी चौथीत नापास झालो, तवा बी पयलं समदं वाचायला लावलं तिनं. तुझे सहा कागद तिनं ऐकलेच न्हाईत."

पोरीनं कागद जवळ ओढला.

"वाच. जरा मोठ्यानं वाच. तिला कमी ऐकू यायचं."